कापडगिरणीच्या अंगणातून अवकाशाकडे : डॉ. विक्रम साराभाई

वऱ्हाडात कापूस पिकावा आणि अहमदाबादेत कापड विणले जावे, ही जोडी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या परिचयाची आहे. अमरावती आणि अकोला येथील कापडबाजारात अहमदाबादी गिरण्यांचे तागे वर्षानुवर्षे उलगडले गेले. त्यांत कॅलिको मिलचा शिक्का दिसला की गिऱ्हाईक फारशी घासाघीस करीत नसे, हे जुने व्यापारी आजही सांगतात. या कॅलिको मिलच्या मालकांच्या घरी, श्रीमाळी जैन परिवारात, दिनांक १२ ऑगस्ट १९१९ रोजी एका मुलाचा जन्म झाला. गादीवर बसून मिलचा हिशेब पाहणे त्याला सहज शक्य होते. तथापि त्याने भारताला अग्निबाण आणि उपग्रह यांच्या युगात आणून सोडले. डॉ. विक्रम अंबालाल साराभाई हे त्यांचे नाव. जनमानसात ते विक्रमभाई म्हणूनच राहिले.

अंबालालशेठ आणि सरलादेवी यांना आठ अपत्ये होती. मुलांना बाहेरच्या शाळेत न घालता शाहीबागेतील ‘द रिट्रीट’ या आपल्या निवासस्थानीच या दांपत्याने शाळा उघडली व तीत माँटेसोरी पद्धतीने शिक्षण देण्याची व्यवस्था केली. रवींद्रनाथ ठाकुरांसारखे थोर पाहुणे या घरी मुक्कामास येत. बाल विक्रमला यंत्रांचा विलक्षण नाद होता. किशोरवयातच त्याने दोघा अभियंत्यांच्या साहाय्याने आगगाडीच्या इंजिनाची चालती प्रतिकृती तयार केली. आज त्या निवासस्थानी कॅलिको वस्त्रसंग्रहालय आहे. मिल पुढे बंद पडली. वस्त्रे मात्र जपली गेली.

या घराण्याच्या दोन गोष्टी ध्यानात घेतल्याशिवाय विक्रमभाई नीट समजत नाहीत. १९१५ साली गांधीजींनी अहमदाबादच्या आश्रमात एका अस्पृश्य कुटुंबाला आश्रय दिला, तेव्हा आश्रमाला मिळणारी मदत बंद पडली. अशा वेळी एक शेठ मोटारीतून आले, गांधीजींच्या हाती १३,००० रुपये ठेवून नाव न सांगता निघून गेले. ते शेठ म्हणजे अंबालाल साराभाई, असे सर्वत्र मानले जाते. गुप्तदानाचे याहून चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही, कारण लोकापवादाच्या भीतीने ज्या कामापासून इतर दूर झाले होते, त्या कामाला हे दान दिले गेले. दुसरी गोष्ट १९१८ च्या गिरणी संपाची. मालकांच्या बाजूने अंबालालशेठ उभे होते आणि कामगारांच्या बाजूने, गांधीजींसमवेत, त्यांच्या सख्ख्या भगिनी अनसूयाबेन! मतभेद असावा पण मनभेद नसावा, हे या घरातील मुलांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

गुजरात कॉलेजातील शिक्षणानंतर विक्रमभाई केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात दाखल झाले व १९४० मध्ये त्यांनी तेथील निसर्गविज्ञानाची पदवी परीक्षा पूर्ण केली. दुसऱ्या महायुद्धामुळे त्यांना मायदेशी परतावे लागले. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी विश्वकिरणांचा अभ्यास आरंभिला. विश्वकिरण म्हणजे बाह्य अवकाशातून पृथ्वीवर अखंड वर्षणारे अतिसूक्ष्म, वेगवान कण. त्यांची मोजणी करण्यासाठी विक्रमभाईंनी बंगलोर, पुणे आणि काश्मिरातील हिमाच्छादित उंच प्रदेश अशी भ्रमंती केली. होमी भाभा त्याच सुमारास बंगलोरला होते. पुढील पंचवीस वर्षे या दोघांचे जीवन एकमेकांत गुंतलेले राहिले. १९४२ मध्ये प्रख्यात नर्तकी मृणालिनी स्वामीनाथन यांच्याशी मद्रास येथे त्यांचा विवाह झाला. चले जाव आंदोलनाच्या धामधुमीमुळे साराभाई कुटुंबातील मंडळी त्या विवाहास उपस्थित राहू शकली नाहीत. कार्तिकेय व मल्लिका ही त्यांची अपत्ये.

युद्ध संपताच ते पुन्हा केंब्रिजला गेले आणि १९४७ मध्ये डॉक्टरेट घेऊन आले. देश स्वतंत्र झाला होता. त्याच वर्षी ११ नोव्हेंबर रोजी अहमदाबादच्या महात्मा गांधी सायन्स इन्स्टिट्यूटमधील थोड्या खोल्यांत भौतिक संशोधन प्रयोगशाळेचा प्रारंभ झाला. संस्थापकाचे वय होते अवघे २८! पुण्याच्या हवामान खात्यातून निवृत्त झालेले ज्येष्ठ शास्त्रज्ञ डॉ. के. आर. रामनाथन यांना त्यांनी संचालक म्हणून पाचारण केले आणि स्वतः त्यांच्या हाताखाली काम केले. पैसा आपल्या घरचा, कल्पना आपली, पण खुर्ची मात्र अधिक जाणत्या माणसाची. विश्वस्त मंडळांवर काम करणाऱ्यांना ही गोष्ट बोलावयास किती सोपी आणि आचरावयास किती अवघड आहे, हे वेगळे सांगावयास नको.

कापडाच्या धंद्यातील माणसास त्यांचे याहून जवळचे कार्य म्हणजे अहमदाबाद वस्त्रोद्योग संशोधन संस्था. ‘अटिरा’ या संक्षिप्त नावाने ती प्रसिद्ध आहे. हीसुद्धा १९४७ चीच. त्या काळी गिरणीत सुताचा नंबर बरोबर आहे की नाही, खळ किती द्यावी, खात्यातील हवेत दमटपणा किती ठेवावा, हे सारे मास्तर लोकांच्या अनुभवावर व अंदाजावर चाले. अंदाज चुकला की तागा मागावर तुटे, दोष कापडात उतरे आणि अखेरीस तो दुकानदाराच्या माथी येई. विक्रमभाईंनी सांख्यिकी, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि मानसशास्त्र यांतील तरुण पदवीधर गोळा केले. त्यांतील बहुतेकांनी गिरणीत पूर्वी पाऊलही टाकलेले नव्हते. स्वतः विक्रमभाईंनीही वस्त्रशास्त्राचे शिक्षण घेतलेले नव्हते. गिरणीमालकांतील कित्येकांनी नाके मुरडली असतील तर त्यात नवल नाही. परंतु एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या गिरण्यांनी पैसे एकत्र घालून एक सामायिक प्रयोगशाळा चालवावी आणि तिचे निष्कर्ष सर्वांनी वापरावेत, हा विचार त्यांनी महाजनी परंपरेतील व्यापाऱ्यांना पटवून दिला. १९५६ पर्यंत ते अटिराचे संचालक होते. अटिराची तसेच भौतिक संशोधन प्रयोगशाळेची वास्तू कोकणातील आचऱ्याचे सुपुत्र, वास्तुविशारद अच्युत कानविंदे यांनी रेखाटली, हेही मराठी वाचकांना जाणून आनंद वाटेल. माझ्या मते पुढील अवकाश कार्यक्रमाची रंगीत तालीम अटिरातच झाली. नवखी माणसे निवडावयाची, त्यांच्यावर विश्वास टाकावयाचा, आणि शास्त्राचे फळ कारखान्याच्या किंवा शेताच्या दारापर्यंत पोहोचते की नाही, एवढेच पाहावयाचे, ही रीत येथेच घडली.

मध्यंतरी त्यांनी घरच्या औषधी कारखान्यांचा व्याप सांभाळला. १९६१ मध्ये अहमदाबादेत भारतीय व्यवस्थापन संस्था उभी राहिली, तिचे पहिले मानद संचालक तेच होते. त्यांनी उभ्या केलेल्या संस्थांची पूर्ण यादी द्यावयाची तर हे पान पुरणार नाही.

४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत रशियाने स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह पृथ्वीभोवती फिरविला. अमेरिका खडबडून जागी झाली आणि दोन महासत्तांमध्ये अंतराळाची शर्यत सुरू झाली. भारतात त्या वेळी अन्नधान्य परदेशातून आणावे लागत होते. अशा दरिद्री देशाने अग्निबाणांचा खेळ कशासाठी मांडावा, हा प्रश्न तेव्हा विचारला गेला आणि आजही विचारला जातो. विक्रमभाईंचे उत्तर स्पष्ट होते. चंद्रावर माणूस धाडण्याच्या चढाओढीत उतरण्याचा आपला मानस नाही. परंतु पावसाचा अंदाज, दूरचे दळणवळण, खेड्यांतील शिक्षण आणि भूमीची पाहणी यांसाठी हे तंत्र श्रीमंत देशांपेक्षा आपणासच अधिक गरजेचे आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. ज्या देशात तारा, रस्ते आणि शाळा यांचे जाळे आधीच पसरले आहे, त्याला उपग्रह ही चैन ठरेल. ज्याच्यापाशी ते नाही, त्याला तो जवळचा मार्ग ठरेल, असा हा हिशेब होता. पंडित नेहरू आणि डॉ. भाभा यांचा पाठिंबा मिळाला व १९६२ मध्ये भारतीय राष्ट्रीय अवकाश संशोधन समिती स्थापन होऊन विक्रमभाई तिचे अध्यक्ष झाले.

प्रथम जागा शोधावयाची होती. चुंबकसूची जेथे उत्तरेकडे वा दक्षिणेकडे न झुकता अगदी आडवी राहते, अशा स्थळांना जोडणाऱ्या रेषेस चुंबकीय विषुववृत्त म्हणतात. या रेषेच्या माथ्यावर, जमिनीपासून सुमारे १०० किलोमीटर उंचीवर, विजेचा एक प्रचंड प्रवाह वाहत असतो. तेथवर फुगा पोहोचत नाही आणि इतक्या खाली उपग्रह टिकत नाही. त्याचा अभ्यास केवळ लहान अग्निबाणानेच होऊ शकतो. ही रेषा केरळच्या दक्षिण किनाऱ्याजवळून जाते. विक्रमभाई व त्यांचे सहकारी, मूळचे कोल्हापूरचे डॉ. एकनाथ चिटणीस, यांनी किनारा धुंडाळला आणि त्रिवेंद्रमजवळील थुंबा या कोळ्यांच्या खेड्याची निवड झाली.

परंतु सुमारे ६०० एकरांच्या या जागेत लोकांची घरे होती आणि सेंट मेरी मॅग्डलीन यांचे पुरातन चर्च होते. पिढ्यान्‌पिढ्यांचे श्रद्धास्थान कोण सोडील? विक्रमभाई त्रिवेंद्रमचे बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांना भेटले. बिशपांनी तत्काळ होकार वा नकार दिला नाही. रविवारच्या प्रार्थनेस त्यांनी विक्रमभाईंना बोलाविले आणि जमलेल्या भाविकांपुढे हा विषय ठेवला. शास्त्राचे कार्य आणि धर्माचे कार्य दोन्ही मानवाच्या कल्याणासाठीच आहेत, असे समजावून त्यांची संमती घेतली, असे डॉ. अब्दुल कलाम नेहमी सांगत असत. कोळी कुटुंबे दुसरीकडे वसविण्यात आली, नवे चर्च बांधले गेले. आपल्याकडे एखाद्या मंदिराची भिंत रस्त्यासाठी दोन फूट सरकवावयाची म्हटले तरी काय होते, हे आपण पाहतो. त्या कोळी बांधवांनी केलेला त्याग अवकाश संशोधनाच्या इतिहासात एका ओळीत उरकला जातो. मला तो त्या इतिहासातील पहिला अध्याय वाटतो.

जुन्या चर्चमध्ये कार्यालय थाटले, बिशपांच्या घरात आणि गोठ्यात प्रयोगशाळा झाल्या. अमेरिकेतील नासा संस्थेत प्रशिक्षण घेऊन परतलेले तरुण अभियंते कामास लागले, डॉ. कलाम हे त्यांपैकीच. मूळचे पुण्याचे प्रमोद काळे हेही या प्रारंभीच्या तुकडीत होते. अग्निबाण अमेरिकेचा, त्यातील प्रयोगसाहित्य फ्रान्सचे. हेलिकॉप्टर व संगणक ही मदत रशियाची. ज्या दोन महासत्ता जगात एकमेकींकडे डोळे वटारून पाहत होत्या, त्या थुंब्याच्या वाळूत एकाच कामाला हातभार लावीत होत्या. १९६८ मध्ये हे केंद्र संयुक्त राष्ट्रसंघास समर्पित झाले, ते याच धोरणाला धरून.

दिनांक २१ नोव्हेंबर १९६३, सायंकाळी ६ वाजून २५ मिनिटे. त्यापूर्वी अग्निबाण उचलणाऱ्या यंत्राने ऐनवेळी दगा दिला आणि तो हातांनी उचलून प्रक्षेपकावर चढवावा लागला होता. नाइकी-अपाची जातीचा हा दोन टप्प्यांचा बाण आकाशात झेपावला आणि त्याने उंचावर सोडियमची वाफ सोडली. जमिनीवर अंधार पडत होता, पण त्या उंचीवर अजून सूर्यप्रकाश होता. त्यामुळे त्या वाफेचा ढग नारिंगी रंगाने उजळून निघाला. केरळ व तामिळनाडूतील निरनिराळ्या ठिकाणांहून त्याची छायाचित्रे घेतली गेली व ढग कसा सरकतो यावरून त्या उंचीवरील वाऱ्याची दिशा व वेग काढला गेला. भारताच्या अवकाशयुगाचा आरंभ तो हाच. दुसऱ्याच दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली आणि जगाचे लक्ष तिकडे वेधले गेले.

येथे एक खुलासा करणे इष्ट आहे. बैलगाडीवर ठेवलेल्या उपग्रहाचे जे छायाचित्र या काळातील म्हणून दाखविले जाते, ते १९८१ च्या ‘ॲपल’ उपग्रहाचे आहे. परीक्षणासाठी लोखंडाचा व धातूचा अडथळा नसलेले वाहन हवे होते, म्हणून लाकडी बैलगाडी मुद्दाम आणली होती, दारिद्र्यामुळे नव्हे. सायकलच्या मागे अग्निबाणाचे टोक बांधून नेण्याचे दृश्य मात्र थुंब्याचेच आहे. जगप्रसिद्ध फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ यांनी ते १९६६ मध्ये टिपले.

२० नोव्हेंबर १९६७ रोजी ‘रोहिणी-७५’ हा भारतात घडविलेला पहिला अग्निबाण सुटला. त्याचा व्यास केवळ ७५ मिलिमीटर, म्हणजे आपल्या हाताच्या चार बोटांएवढा! त्याच वर्षी विक्रमभाईंच्या आग्रहावरून डॉ. वसंत गोवारीकर इंग्लंडहून थुंब्यास आले व घनइंधनाच्या कामास जुंपून घेतले. पुढे उपग्रह वाहून नेणाऱ्या चार टप्प्यांच्या यानाची आखणी झाली, तेव्हा विक्रमभाईंनी एकेक टप्पा एकेका तरुणाकडे सोपविला. त्यांत एक गोवारीकर होते, एक कलाम. १५ ऑगस्ट १९६९ रोजी भारतीय अवकाश संशोधन संस्था, म्हणजे इस्रो, अस्तित्वात आली.

दरम्यान २४ जानेवारी १९६६ रोजी डॉ. भाभा विमान अपघातात मृत्यू पावले आणि अणुऊर्जा आयोगाची धुराही विक्रमभाईंच्या खांद्यावर आली. त्यांनी कौटुंबिक उद्योगांशी असलेला व्यावहारिक संबंध सोडला व वेतन म्हणून वर्षाला फक्त एक रुपया घेतला. चीनने १९६४ मध्ये अणुस्फोट केला होता. भारतानेही अणुबाँब करावा, अशी मागणी संसदेत आणि वृत्तपत्रांत जोर धरीत होती. अणुऊर्जेचा प्रमुखच त्या मागणीच्या विरुद्ध उभा राहिला. केवळ बाँब बनवून संरक्षण होत नाही, त्यामागील अफाट खर्चाने देश आतून पोखरला जाईल आणि देशाची सुरक्षितता अंतर्गत परिस्थितीवरही तितकीच अवलंबून आहे, हे त्यांचे मत होते. त्यांच्यावर टीका झाली, अणुऊर्जा खात्यातही अनेकांना हे रुचले नाही. ही भूमिका त्यांनी धर्माचे नाव घेऊन मांडली नाही, आकडेमोड करून मांडली. तरी अहिंसेच्या संस्कारात वाढलेल्या वाचकास तिचे मूळ कोठे असावे, असे मनात आल्याखेरीज राहणार नाही.

त्यांचा खरा जीव खेड्यांत अडकला होता. २६ जानेवारी १९६७ रोजी दिल्लीभोवतालच्या ८० खेड्यांत ‘कृषिदर्शन’ हा दूरचित्रवाणी कार्यक्रम सुरू झाला, त्यामागे त्यांची प्रेरणा होती. १९६९ मध्ये त्यांनी नासाशी करार केला. त्याअन्वये १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत उपग्रहाद्वारे थेट शेती, आरोग्य व शिक्षणाचे कार्यक्रम दाखविण्यात आले. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशा तारेच्या जाळीची दहा फुटी छत्री करून गावकऱ्यांनी हे चित्र पाहिले. त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, ही आपली हुकलेली संधी. पुणे जिल्ह्यातील आर्वी येथे (आपल्या वर्ध्याची आर्वी नव्हे, जुन्नरकडील) परदेशांशी उपग्रहामार्गे संपर्क साधणारे भूकेंद्र भारतीय अभियंत्यांकडूनच उभारले जावे, हाही त्यांचाच आग्रह. १९७२ मध्ये ते कार्यान्वित झाले व त्यास विक्रमभाईंचे नाव देण्यात आले.

वऱ्हाडचा शेतकरी बहुतांशी कोरडवाहू. मृगाचे पाणी वेळेवर पडले तर कपाशी साधते. उघडीप लांबली तर दुबार पेरणी, आणि मग सावकाराची पायरी. शेतकऱ्याच्या घरी पैसा नाही त्या वर्षी कापडाच्या दुकानातही दिवाळी नसते, हे अमरावती-अकोल्याच्या बाजारात कोणास सांगावयास नको. १९८३ च्या इन्सॅट-१बी पासून दूरदर्शनच्या बातम्यांत ढगांची चित्रे दिसू लागली. सुरुवातीस आपण त्यांस हसलोही असू, कारण अंदाज अनेकदा फसत. आज मात्र बंगालच्या उपसागरातील कमी दाबाचा पट्टा विदर्भाकडे सरकतो आहे, हे पेरणीपूर्वी अडाणी म्हटला जाणारा शेतकरीही मोबाइलवर पाहतो. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा, पाणलोट क्षेत्रे, जमिनीचा वापर यांचे नकाशे उपग्रहांच्या चित्रांवरून तयार होतात. त्यासाठी नागपूर येथे १९८८ पासून राज्याचे सुदूर संवेदन केंद्र आहे. या शास्त्राची भारतातील पहिली चाचणी १९७० च्या सुमारास, डॉ. पिशारोटी यांच्या नेतृत्वाखाली, केरळातील रोगट नारळीच्या बागांची हेलिकॉप्टरमधून छायाचित्रे घेऊन झाली होती. ती विक्रमभाईंच्याच काळातील होय. अर्थात ढग दिसला म्हणून तो बरसतोच असे नाही, आणि कापसाला भाव मिळवून देणारा उपग्रह अद्याप कोणी सोडलेला नाही, हेही तितकेच खरे.

अणुऊर्जा मुंबईला, अवकाश थुंब्याला, प्रयोगशाळा अहमदाबादला आणि सरकार दिल्लीला, अशा चौफेर धावपळीत त्यांचे शरीर झिजत होते. बैठका विमानतळावर आणि प्रवासात होत. एवढी कामे एकाच माणसाने अंगावर घ्यावयास नको होती, असे त्यांच्याविषयी पूर्ण आदर बाळगूनही म्हणावेसे वाटते. ३० डिसेंबर १९७१ रोजी, थुंब्याच्या कामाचा आढावा घेण्यासाठी गेले असता, कोवलम येथील मुक्कामी झोपेतच त्यांची प्राणज्योत मालवली. वय ५२ वर्षे. पद्मभूषण त्यांना १९६६ मध्ये मिळाले होते. पद्मविभूषण १९७२ मध्ये मरणोत्तर जाहीर झाले.

त्यांनी आखलेल्या तारखा पुढे बऱ्याच चुकल्या. त्या मुळातच उत्साहाने लिहिलेल्या होत्या. डॉ. सतीश धवन यांनी विस्कळीत पसाऱ्याला शिस्त लावली. आर्यभट १९ एप्रिल १९७५ रोजी रशियाच्या भूमीवरून उडाला. एसएलव्ही-३ चे पहिले उड्डाण १९७९ मध्ये अयशस्वी झाले व १८ जुलै १९८० रोजी याच यानाने श्रीहरिकोट्याहून रोहिणी उपग्रह कक्षेत नेला. त्या वेळी थुंब्याच्या विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक डॉ. गोवारीकर होते. दुसरीकडे, १९७४ मध्ये पोखरणला अणुस्फोट झाला आणि एसएलव्ही-३ च्या पहिल्या टप्प्यावरूनच १९८९ चे ‘अग्नी’ क्षेपणास्त्र घडले. एकाच विद्येला दोन फाटे फुटले. यावर विक्रमभाई काय म्हणाले असते, हे त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणासच नाही. देशाच्या सीमांवरील परिस्थितीही १९६६ सारखी उरली नव्हती.

चंद्रावरील प्रसन्नतेच्या सागर नामक प्रदेशातील एका विवरास त्यांचे नाव देण्यात आले आहे. त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, सप्टेंबर २०१९ मध्ये, चांद्रयान-२ चे ‘विक्रम’ हे अवतरक यान चंद्रावर उतरता उतरता कोसळले. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चे ‘विक्रम’ दक्षिण ध्रुवाजवळ सुखरूप उतरले. थुंब्याच्या त्या जुन्या चर्चमध्ये आता अवकाश संग्रहालय आहे, आणि थुंब्याहून लहान संशोधक अग्निबाण अजूनही सोडले जातात.